कायद्याच्या दारातील पोरके मूल

न्यू यॉर्कच्या बंदरात एलिस नावाचे एक लहानसे बेट आहे. युरोपातून बोटींनी येणाऱ्या लोकांना अमेरिकेच्या भूमीवर उतरू द्यावयाचे की नाही, हे ठरविणारे सरकारी ठाणे त्या बेटावर १८९२ सालच्या १ जानेवारीस उघडले. १९५४ साली ते बंद झाले, तोवर सुमारे एक कोटी वीस लाख माणसे तेथून आत गेली होती. या एवढ्या माणसांत पहिले पाऊल कोणाचे पडले? आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातल्या ॲनी मूर नावाच्या एका सतरा वर्षांच्या मुलीचे. बरोबर दोन धाकटे भाऊ, आईबाप नाहीत. आईबाप आधीच न्यू यॉर्कला जाऊन राहिले होते आणि ही तीन भावंडे वडीलधारे कोणी सोबत नसता 'नेवाडा' नावाच्या बोटीने अटलांटिक महासागर ओलांडून आली होती. ठाण्यावरच्या अधिकाऱ्याने तिच्या हातावर दहा डॉलरांचे सोन्याचे नाणे ठेवले आणि तिला आत सोडले.

हा प्रसंग पुस्तकांतून मोठ्या कौतुकाने सांगितलेला असतो. त्यापुढची हकीकत सहसा सांगत नाहीत. अवघ्या पंधरा वर्षांनी, म्हणजे १९०७ साली, अमेरिकेच्या कायदेमंडळाने परदेशी लोकांच्या प्रवेशाचा नवा कायदा केला. वेडे, भिकारी, सांसर्गिक रोगाने पछाडलेले अशी ज्यांना दारातूनच परत लावावयाचे त्यांची एक लांबलचक यादी त्यात दिली होती. त्या यादीत एक नवी भर पडली : आई किंवा बाप बरोबर नसलेली, सोळा वर्षांच्या आतील मुले. खात्याच्या मंत्र्याला वाटले तर त्याने त्यांना घ्यावे, पण मुळातला दंडक मनाईचा. ॲनीचे दोघे भाऊ पंधरा वर्षे उशिरा आले असते, तर त्याच बेटावर त्याच अधिकाऱ्यापुढे ते संशयित ठरले असते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, केवढा हा निर्दयपणा! परंतु आम्ही येथे जरा सबुरीने घेऊ इच्छितो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सगळेच वाईट नव्हते. त्या काळी इटलीतून गरिबांची मुले गोळा करून आणणारे मुकादम होते. त्यांना 'पाद्रोने' म्हणत. पोरांच्या गळ्यात वाद्य अडकवून त्यांना न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर उभे करावे, आणि संध्याकाळी कमाई कमी भरली की मारहाण करावी, असा त्यांचा धंदा होता. त्याविरुद्ध १८७४ साली एक स्वतंत्र कायदाच करावा लागला होता. तेव्हा एकटे आलेले मूल हे पळवून आणलेले असू शकते ही शंका रास्त होती. पण त्या शंकेचा निकाल कसा लावला पाहा. मूल कोणाच्या तरी जाचात सापडले असेल, म्हणून जाच करणाऱ्याला धरावयाचे. ते सोडून मुलालाच दाराबाहेर ठेवले. रोग्याला रोग आहे म्हणून दवाखान्यात घेऊ नये, तशातलाच हा प्रकार.

दुसरे कारण अधिक रोखठोक होते. एकटे मूल म्हणजे सरकारी तिजोरीवर भार.

आता हा धागा क्षणभर येथेच ठेवून त्याच शहरातील दुसऱ्या एका गल्लीकडे आपण वळू. हकीकत त्याच १८७४ सालची आहे. न्यू यॉर्कच्या एका गरीब वस्तीत मेरी एलन विल्सन नावाची दहा वर्षांची मुलगी एका बाईच्या घरी होती. ही बाई तिची आई नव्हे. धर्मादाय संस्थेकडून ते मूल तिच्या घरी आले होते, आणि ते कसे वाढते आहे हे पाहावयास पुढे कोणी फिरकले नव्हते. रोज मार बसे. हिवाळ्यात अंगावर पुरते वस्त्र नसे. घराबाहेर पाऊल टाकण्याची बंदी होती. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना रडणे ऐकू येई. एटा व्हीलर नावाची एक सेवाव्रती बाई त्या वस्तीत गोरगरिबांच्या घरी जात असे. तिच्या कानावर हे गेले. काही निमित्त काढून ती त्या घरात गेली आणि तिने मूल डोळ्यांनी पाहिले. मग ती पोलिसांकडे गेली. पोलीस म्हणाले, पुरावा आणा. धर्मादाय संस्थांकडे गेली. त्या म्हणाल्या, मूल कायदेशीर रीतीने आमच्या हाती आले तर आम्ही सांभाळू. म्हणजे मूल बाहेर कसे काढावे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. शेवटी ती हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. हे गृहस्थ जनावरांना क्रूरपणे वागविणाऱ्यांविरुद्ध १८६६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे संस्थापक होते.

येथे या हकीकतीला एक दंतकथा चिकटली आहे. मुलांच्या रक्षणाचा कायदा नव्हता, म्हणून 'मूल हेही एक प्राणीच आहे' असा युक्तिवाद करून जनावरांच्या कायद्याखाली तिला सोडविले, असे अजूनही छापले जाते. दंतकथा चटकदार आहे आणि खोटी आहे. बर्ग यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी अर्ज केला तो मनुष्याच्या मुलासाठीच केला. बेकायदा अडकवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायाधीशापुढे हजर करविण्याची जी जुनी इंग्रजी वहिवाट आहे, तिचाच त्यांनी आधार घेतला. पोर न्यायालयात आली ती घोंगडीत गुंडाळलेली. तोंडावर कात्रीची जखम होती. आपल्याला कधी कोणी जवळ घेतले, मुका घेतला, असे आठवत नाही, हे तिने सांगितले तेव्हा न्यायालयातील माणसांना डोळे पुसावे लागले. बाईला एक वर्षाची शिक्षा झाली. मुलीला एटा व्हीलरच्या नातलगांनी वाढविले. ती मोठी झाली, तिचे लग्न झाले, तिला मुली झाल्या आणि ती १९५६ सालापर्यंत जगली. १८७४ सालच्याच अखेरीस न्यू यॉर्कमध्ये बालकांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधासाठी संस्था निघाली. पुढे १८९९ साली शिकागो येथे मुलांसाठीचे पहिले स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले, आणि पाहता पाहता त्या देशाच्या बहुतेक सर्व राज्यांत अशी न्यायालये झाली.

या न्यायालयांच्या मुळाशी असलेली कल्पना फार जुनी आहे. ज्याला कोणी नाही त्याचा राजा हाच बाप, असे इंग्लंडचे न्यायाधीश मानीत आले. आपल्याकडे कौटिल्यानेही बालके, वृद्ध, आजारी आणि अनाथ यांच्या पोषणाचा भार राजावरच टाकलेला आहे. अमेरिकेत राजा नव्हता. त्याची जागा राज्य सरकारने घेतली. पण एक मोठी अडचण राहून गेली. अमेरिका हे संघराज्य आहे. घरातली मुले, त्यांचा ताबा, त्यांचे दत्तकविधान, त्यांची आबाळ हे सर्व प्रश्न राज्यांच्या हाती. परदेशी माणसाला आत घ्यावे की बाहेर काढावे, हा प्रश्न मात्र संपूर्णपणे मध्यवर्ती सरकारचा. १८८९ साली एका चिनी मजुराच्या कज्ज्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार सार्वभौमत्वाचाच भाग ठरवून टाकला होता. त्यामुळे झाले काय, की मुलाचा बाप होण्याचे काम एका सरकारने घेतले आणि त्याच मुलाला हद्दपार करण्याचे काम दुसऱ्याने. दोन्ही दारे एकाच घराची, पण दारवान वेगळे. एकाने आत घेतले म्हणून दुसऱ्याला कळविण्याची चाल नाही.

ही दोन दारे एकमेकांसमोर यावयास एकशे सोळा वर्षे लागली. मधल्या काळात दार उघडले गेले ते क्वचित आणि प्रत्येक वेळी कायद्यापेक्षा राजकारणाच्या किल्लीने.

१९३९ सालचे उदाहरण घ्या. जर्मनीत ज्यूंची घरेदारे जळत होती. सिनेटर वॅग्नर आणि प्रतिनिधिसभेच्या सदस्या एडिथ रॉजर्स यांनी एक विधेयक मांडले : चौदा वर्षांच्या आतील वीस हजार मुलांना दोन वर्षांत ठरलेल्या कोट्याबाहेर प्रवेश द्यावा. मुलांचा खर्च खासगी संस्था करणार, सरकारला एक डॉलरही पडावयाचा नव्हता. तरीही विरोध झाला. आधी आपल्या देशातील गरीब मुलांचे पाहा, असे एक पक्ष म्हणाला. मुलांना आईबापांपासून तोडणे बरे नव्हे, असे दुसरा म्हणाला. हा दुसरा आक्षेप ऐकावयास किती सोज्ज्वळ वाटतो! अखेर ही मुले कोट्यातच मोजावी अशी दुरुस्ती पुढे आली. म्हणजे मूल आत घ्यावयाचे तर तेवढ्याच एका मोठ्या माणसाला बाहेर ठेवावे लागले असते. विधेयक बारगळले. इंग्लंडने मात्र १९३८ च्या डिसेंबरापासून युद्ध पेटेपर्यंत जवळजवळ दहा हजार मुले आईबापांशिवाय घेतली. त्यांतील पुष्कळांना आईबाप पुन्हा दिसले नाहीत, हे खरे. परंतु ती जगली, हेही तितकेच खरे.

हे सांगत असता आम्हांला आपल्या घराजवळची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. कोल्हापूरशेजारी वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांची वसाहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. रशियाने त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेले होते. तेथून सुटून ती माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्याआधी, १९४२ सालीच, नवानगरच्या जामसाहेबांनी आपल्या संस्थानातील बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला होता. त्यांतली बरीच अनाथ होती, आणि बालाचडीची छावणी मोडल्यावर राहिलेली मुले वळिवड्यासच आली. तेथे त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. पंचगंगेच्या काठच्या उन्हात वाढलेली ती पोरे पुढे जगभर पांगली आणि पन्नास-पन्नास वर्षांनी म्हातारी होऊन कोल्हापूर पाहावयास परत आली. या मुलांना आपण कोणत्या कलमाखाली घेतले, असे विचारले तर चटकन सांगता येणार नाही. राजाच्या शब्दावर घेतले, एवढेच. राजाचा शब्द मोठा असतो. पण पुढच्या मुलाला त्याचा उपयोग होईलच असे नाही. पुढच्या मुलासाठी कलम लागते.

अमेरिकेत १९६० च्या डिसेंबरापासून १९६२ च्या ऑक्टोबरापर्यंत क्यूबातून चौदा हजारांहून अधिक मुले एकटी विमानाने मायामीला आली. कास्त्रोच्या राजवटीला घाबरून आईबापांनीच ती पाठविली होती. ब्रायन वॉल्श नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी त्यांची व्यवस्था लावली, आणि सरकारने त्यांना प्रवेशपरवाना माफ केला. १९०७ सालच्या यादीचे काय झाले, असे त्या वेळी कोणी विचारले नाही. शत्रूच्या देशातून पळालेले मूल आणि मित्राच्या देशातून पळालेले मूल यांत दारवानाला फरक दिसतो, हे कटू असले तरी नमूद केले पाहिजे.

हा फरक १९८० नंतर लख्ख दिसला. एल साल्वादोर आणि ग्वातेमाला या देशांत यादवी चालू होती, आणि तेथील सरकारे अमेरिकेच्या मर्जीतली होती. मुले एकटी, पायी, मालगाड्यांवर बसून उत्तरेस येऊ लागली. सरहद्दीवर पकडलेल्या मुलाला सोडावयाचे ते फक्त आईबापांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या ताब्यात, असा अधिकाऱ्यांचा नियम होता. एल साल्वादोरच्या फ्लोरेस नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला न्यावयास तिची मावशी तयार होती. तरी तिला कोठडीत ठेवले. त्यावर १९८५ साली दावा लागला. तो बारा वर्षे चालला. मधे १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा नियम उचलून धरला, पण १९९७ साली तडजोड होऊन कोठडीतील मुलांना कसे वागवावे याची बंधने सरकारने लिहून दिली. हा दावा कोठडीपुरता होता. कोठडीतून सुटलेल्या मुलाने जावे कोठे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता.

तो प्रश्न दुसऱ्याच लोकांनी विचारला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांतील बालकल्याण खात्यात काम करणाऱ्या माणसांच्या एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. बापाने मारलेले, आईने टाकलेले एखादे परदेशी मूल बालन्यायालय ताब्यात घेई. त्याला चांगल्या पालक-कुटुंबात ठेवी. शाळेत घाली, औषधपाणी करी. वर्षानुवर्षे सरकारी पैशाने हे मूल वाढे. आणि अठरावे वर्ष लागले, की न्यायालयाचे छत्र संपून ते रस्त्यावर येई. आता ते बिनपरवान्याचा परदेशी मनुष्य! नोकरी करणे गुन्हा, आणि पकडले गेले तर ज्या बापाच्या हातून सोडविले त्याच्याच गावी रवानगी. एका सरकारने दहा वर्षे खर्च करून वाढविलेले झाड दुसऱ्या सरकारने उपटावे, असे ते चालले होते.

यातून १९९० सालच्या कायद्यात एक छोटेसे कलम आले. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरला त्या कायद्यावर सही केली. कायदा मोठा होता. त्यात कोटे, व्यवसाय, कसबी कामगार यांच्याविषयी पानेच्या पाने होती, आणि त्या गर्दीत हे कलम कोणाच्या फारसे नजरेत आले नाही. 'खास स्थलांतरित बालक' असा एक नवा दर्जा त्याने निर्माण केला. आमच्या मते या कलमातील खरी करामत अशी, की दोन दारवानांची त्याने पहिल्यांदा गाठ घालून दिली. राज्याच्या बालन्यायालयाने दोन गोष्टी ठरवावयाच्या : हे मूल न्यायालयाच्या आश्रयाचे आहे व त्याला दीर्घकाळ पालक-कुटुंबात ठेवणे योग्य आहे, आणि त्याला त्याच्या मायदेशी परत पाठविणे त्याच्या हिताचे नाही. हा निर्णय हाती घेऊन मुलाने मध्यवर्ती सरकारकडे अर्ज करावयाचा, आणि त्या सरकारने कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला बोलण्यात ग्रीन कार्ड म्हणतात तो, द्यावयाचा. म्हणजे हद्दपारीचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने, मुलाचे हित कशात आहे हे ज्याला कळते त्याचे ऐकावे.

बालकांच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रसंघाने आदल्याच वर्षी, १९८९ साली, मंजूर केला होता. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. अमेरिकेने १९९५ साली सही केली, पण कायदेमंडळाची संमती अद्याप घेतलेली नाही. तेव्हा 'मुलाचे हित' हे शब्द त्या देशाच्या परकीयांविषयीच्या कायद्यात शिरले ते या आडवाटेने शिरले. मोठ्या घोषणेपेक्षा लहान कलम कधी कधी जास्त काम करते.

मात्र कलमाला लगेच कुंपण घालावयास सुरुवात झाली. शिकावयास आलेले श्रीमंत परदेशी विद्यार्थी एखाद्या न्यायालयाकडून पालक नेमून घेतील आणि या वाटेने कायमचे राहतील, अशी शंका काही सिनेटरांना आली. १९९७ साली दुरुस्ती झाली. मुलाची स्थिती 'छळ, आबाळ किंवा त्याग' यांमुळे झालेली असली पाहिजे, असे शब्द आले. हे शब्द आज त्या कायद्याचे हृदय मानले जातात, पण जन्म त्यांचा करुणेतून नव्हे, संशयातून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शिवाय कोठडीतील मुलाने बालन्यायालयात जाण्याआधी स्थलांतर खात्याची संमती आणावी, अशीही अट घातली. ज्याने पकडले त्याच्याच परवानगीने त्याच्याविरुद्ध दाद मागावयाची! ही गाठ सैल झाली ती २००२ सालच्या कायद्यानंतर. त्या कायद्याने एकट्या मुलांचा सांभाळ पकडणाऱ्या खात्याकडून काढून निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या खात्याकडे दिला.

पुढे २००८ सालच्या डिसेंबरात माणसांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा कायदा सुधारला गेला. गुलामगिरीचे शत्रू विल्यम विल्बरफोर्स यांचे नाव त्या कायद्याला दिलेले आहे. त्यात या कलमाची भाषा बदलली. पालक-कुटुंबाची अट गेली. त्याऐवजी, आई किंवा बाप यांपैकी एकाशी अथवा दोघांशी छळ, आबाळ, त्याग किंवा तत्सम कारणामुळे पुन्हा एकत्र राहणे शक्य नाही, एवढे दाखविले म्हणजे पुरे झाले. अर्ज करताना वय एकवीस वर्षांच्या आत असले की पुरे. निकालाला उशीर झाला म्हणून मुलाचे नुकसान होऊ नये, हीही तजवीज झाली.

'एकाशी अथवा दोघांशी' हे शब्द तीनच, पण त्यांवर मोठे वाद झाले. बापाने टाकले आहे पण आई प्रेमळ आहे, असे मूल या कलमात बसते काय? नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली अरुंद अर्थ घेतला. न्यू जर्सीत याच सुमारास एक कज्जा उभा राहिला. तो आपल्या दृष्टीने मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्यातला मुलगा भारतातला होता. बापाने संसार वाऱ्यावर सोडलेला. मुलगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून बांधकामावर मजुरीला लागला आणि त्याने शरीराला दुखणी जोडून घेतली. आईने त्याला अमेरिकेतील मामाकडे धाडले, आणि मामाने त्याच्या ताब्यासाठी न्यायालयात अर्ज केला. कज्जा वरिष्ठ न्यायालयात गेला तेव्हा प्रश्न निघाला, की आईने मुलाला बांधकामावर धाडले ही आबाळ म्हणावी काय? भारताच्या कायद्याप्रमाणे त्या वयाच्या मुलाने असे काम करणे बेकायदा असल्याचे दिसत नाही, तेव्हा ही आबाळ नव्हे, असे त्या न्यायालयाने ठरविले.

आम्ही हा निकाल वाचला तेव्हा क्षणभर थबकलो. निकालातील विधान खोटे नव्हते. आपल्या १९८६ सालच्या कायद्याने जी बंदी घातली ती चौदा वर्षांखालील मुलांपुरती, आणि तीही ठराविक धंद्यांपुरती होती. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवू नये, असे आपल्या कायद्यात आले ते २०१६ साली. म्हणजे न्यू जर्सीच्या एका कोर्टात आपल्या देशातील एका पोराच्या दुखण्याचे मोजमाप आपल्याच कायद्याच्या मापाने झाले, आणि ते माप तोकडे निघाले. २०१५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला. मुलाच्या मायदेशाचा कायदा येथे लावावयाचा नाही. न्यू जर्सीच्या मुलाला जे माप तेच या मुलाला. शिवाय आई आणि बाप यांच्याविषयी वेगवेगळा निर्णय नोंदवावा. त्या निर्णयाचा मध्यवर्ती सरकारच्या दृष्टीने काय परिणाम होईल, हे ठरविण्याचे काम राज्याच्या न्यायालयाचे नव्हे. मेरी एलनच्या घोंगडीपासून येथवर यावयास एकशे एक्केचाळीस वर्षे लागली होती.

या कलमात अगदी पहिल्या दिवसापासून एक कठोर अट आहे. या दर्जाने ग्रीन कार्ड मिळालेले मूल पुढे नागरिक झाले, तरी त्याच्या जन्मदात्या आईबापांना त्याच्या नात्याने अमेरिकेत येण्याचा कोणताही हक्क कधीच मिळत नाही. ज्याने छळ केला त्याला त्याचे फळ मिळू नये, हा हेतू उघड आहे, आणि कोणीही तो मान्य करील. परंतु २००८ नंतर 'एकाशी' हा शब्द आला, आणि बापाने टाकलेली, आईने जपलेली मुले या दारातून येऊ लागली. अट मात्र तशीच राहिली. तिच्यात मारणारा बाप आणि पोटाला चिमटा घेऊन पोराला वाटेला लावणारी आई यांत भेद नाही. मुलगा सुटतो तो आईला कायमचे अंतरून सुटतो. या अटीचे समर्थन करणारा युक्तिवाद आम्ही पुष्कळ शोधला; पटावा असा सापडला नाही.

आणखी एक गोष्ट. परकीयांच्या हद्दपारीचे कज्जे जेथे चालतात, तेथे मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. चोरी केलेल्या मुलाला वकील मिळतो. सरहद्द ओलांडलेल्याला मिळत नाही, कारण हा म्हणे फौजदारी मामला नव्हे. एका न्यायाधीशाने एका दाव्यातील जबानीत सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलांनाही हा कायदा समजावून देता येतो, आपण तसा दिलेला आहे. ही जबानी २०१६ साली वृत्तपत्रांत आली तेव्हा अमेरिकेत पुष्कळ हसू झाले. हसून झाल्यावर नियम तोच राहिला.

आणि दर्जा मिळाला म्हणजे तरी सुटका झाली काय? येथे हिशेबाचा भाग येतो. दरवर्षी किती परवाने द्यावयाचे यांचे वेगवेगळे गट त्या कायद्यात केलेले आहेत. या मुलांना टाकले आहे ते नोकरी-व्यवसायाच्या चौथ्या गटात. सोबतीला कोण? धर्मोपदेशक, आंतरराष्ट्रीय संस्थांचे सेवक, परदेशातील वकिलातींत चाकरी केलेली माणसे. टाकलेल्या मुलाचा व्यवसाय कोणता मानला असेल, ते कायदा करणारेच जाणोत! या साऱ्या गटाला मिळून वर्षाला ९,९४० च्या आसपास परवाने, शिवाय कोणत्याही एका देशाला ठराविक हिश्शाहून अधिक नाहीत. अर्ज थोडे होते तोवर हे खपले. २०१६ साली मात्र एल साल्वादोर, ग्वातेमाला आणि होंडुरास या देशांच्या मुलांची रांग लागली, पाठोपाठ मेक्सिको आणि भारत यांचीही. न्यायालयाने सांगितले, हे मूल परत पाठविणे त्याच्या हिताचे नाही. खात्याने सांगितले, मान्य. आणि परवान्याची पाळी यावयास वर्षेच्या वर्षे. त्या वर्षांत कामाचा परवाना नाही, हद्दपारीपासून अभय नाही. २०२२ साली सरकारने रांगेतल्या मुलांना तात्पुरते अभय आणि काम करण्याची मुभा दिली. २०२५ च्या जूनमध्ये ती सोय मागे घेतली गेली, आणि त्यावर पुन्हा कज्जे उभे राहिले.

रांग किती सरकली हे कळण्याची व्यवस्था मात्र चोख आहे. परराष्ट्र खाते दर महिन्याला एक पत्रक काढते. त्यात देशांचे आणि गटांचे रकाने असतात, आणि प्रत्येक रकान्यात एक तारीख. आपण अर्ज केला ती तारीख या तारखेच्या आधीची असली म्हणजे पाळी आली. कधी तारीख पुढे जाते, कधी तेथेच राहते, कधी एकदम दोन-तीन वर्षे मागे येते. पंधराव्या वर्षी अर्ज केलेली मुले विसाव्या-एकविसाव्या वर्षी, कोठे हॉटेलात भांडी घासून आल्यावर, हे पत्रक उघडतात आणि चौथ्या गटाची ओळ शोधतात.